गवताच्या छपराखालची माणसं

नोकरी लागली तेव्हा मी घरी फोन करून सांगितलं, की मला नकाशे काढायचं काम मिळालंय. आईने गल्लीत सांगितलं, पोरगी तलाठ्याच्या ऑफिसात लागली. मी ते दुरुस्त करायला गेले नाही. खरं सांगत बसले असते तर फारच लांबलं असतं. मुंबईजवळ नौपाड्यातली एक इमारत, खाली डोळ्यांचा दवाखाना, वर आमचं बारा कॉम्प्युटरचं ऑफिस, आणि तिथे बसून मी पृथ्वीच्या पार दुसऱ्या अंगाला असलेल्या एका डोंगरी जिल्ह्यातली घरं मोजत होते.

जिल्हा पेरू देशातला, अँडीज पर्वतातला. पेरूवरचे विनोद पहिल्या दोन दिवसांत करून संपले. त्यानंतर तो आमच्यासाठी नुसता ‘जिल्हा’ झाला. नावाला जिल्हा, पण पसारा आपल्या एखाद्या तालुक्याएवढाच. फरक एवढाच, की आपला तालुका आडवा पसरलेला असतो आणि हा उभा होता. तळाला नदी, नदीकाठी मक्याची शेतं आणि निलगिरीच्या रांगा, तिथेच जिल्ह्याचं मुख्य गाव: मध्ये चौकोनी मैदान, त्याच्या एका बाजूला चर्च आणि तिथून निघालेल्या सरळ गल्ल्या. त्याच्या वर उतारावर बटाट्याची आणि जवाची लहान लहान शेतं, गोधडीला ठिगळं लावावीत तशी. आणि त्याच्याही वर, जिथे झाड उगवत नाही तिथे, नुसतं पिवळं गवताळ रान, दगडी कुंपणांची वर्तुळं, मेंढरं आणि अल्पाका नावाची लोकरीची जनावरं. हे सगळं मी वाचून शिकले, आणि नंतर फोटोत रोज बघून बघून मला ते आमच्या गावच्या माळासारखं पाठ झालं.

काम असं होतं. परदेशातल्या एका आरोग्य संस्थेला त्या जिल्ह्यात दोन छोटे दवाखाने उभारायचे होते. कुठे उभारायचे हे ठरवायचं तर माणसं कुठे राहतात ते आधी कळायला हवं. शिरगणतीतून जिल्ह्याची लोकसंख्या मिळाली होती. खालचा, मधला आणि वरचा अशा तीन भागांची वेगवेगळी संख्याही होती. पण कुठल्या वाडीत किती माणसं, हे नव्हतं. ते आम्ही उपग्रहाच्या फोटोतली छपरं मोजून सांगायचं. छप्पर दिसलं की त्याच्या कडेने रेघ मारायची, आणि ते घर आहे की गोठा ते लिहायचं. घरं मोजून झाली की माणसं त्या घरांत वाटून टाकायची. जिथे घरं नाहीत तिथे माणसं नाहीत, आणि जिथे माणसं नाहीत तिथे दवाखाना नाही. इतकं सरळ होतं ते.

मला या कामाचा अभिमान वाटायचा, अजूनही वाटतो. मी माणदेशातल्या एका तालुक्याच्या गावात शिकले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. वडील गवंडी, आई घरोघरी शेवया-पापड करून द्यायची. भूगोलाची गोडी लागली ती सहावीतल्या सरांमुळे. त्यांनी एकदा अख्खा वर्ग गावामागच्या टेकडीवर नेला आणि म्हणाले, प्रत्येकाने आपापलं घर शोधा. मला आमचं घर काही सापडेना. सर म्हणाले, “अगं, तू दार शोधते आहेस. वरून दार दिसत नाही, छप्पर दिसतं.” मग सापडलं. आमचा पत्रा त्या वेळी नवा होता, उन्हात चमकत होता. त्या दिवशी मला जे समजलं त्यावरच पुढची सगळी वर्षं उभी राहिली: बी.ए., पुण्यातला वर्षाचा नकाशाशास्त्राचा कोर्स, आणि ही नोकरी. सरांचे उपकार मी विसरलेली नाही.

ऑफिसातल्या मॅडम नौपाड्यातच जन्मलेल्या, साठीच्या. आयुष्यभर त्यांनी कागदावर शाईने नकाशे काढले होते आणि निवृत्तीनंतर हे ऑफिस सुरू केलं होतं. बोलणं शांत, शुद्ध, आणि कुणी “चालेल” म्हटलं की त्या विचारायच्या, “चालेल म्हणजे बरोबर आहे का?” मला त्यांनी घेतलं तेव्हा म्हणाल्या होत्या, “सहा महिने काम पाहीन. मग कायम करायचं की नाही ते ठरवू.” माझ्या शेजारी बसायचा तो माझ्याच वयाचा सहकारी विठ्ठलवाडीचा. हात वेगवान, तोंड त्याहून वेगवान. आणखी दोघी होत्या, त्या मधला भाग करायच्या. खालचं गाव त्याच्याकडे आणि वरचं रान माझ्याकडे.

पहिले चार महिने लहानसहान कामं शिकण्यात गेले. मग जिल्ह्याची मोजणी सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात अडलं. वरच्या रानात लहान लहान करडी-पिवळी छपरं दिसायची, दगडी कुंपणांना चिकटून. ती घरं की गोठे?

“हे काय आहे यार?” तो माझ्या स्क्रीनकडे वाकून म्हणाला. “घर आहे की तबेला?” आणि मग मोठ्याने, “मॅडम, हिला विचारा ना. गाववाली आहे. आम्ही तर गाय पण कॅलेंडरवर बघितलेली.”

“तुझ्या विठ्ठलवाडीत रस्त्यावर बसलेल्या असतात त्या काय हत्ती असतात?” मी म्हटलं.

“त्या गाई नाहीत, त्या ट्रॅफिक पोलीस आहेत.”

सगळे हसले. मॅडमही हसल्या आणि माझ्याकडे वळल्या. “सांग बरं. तुला काय वाटतं?”

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला मी खेड्यातली आहे म्हणून विचारत होतं. कॉलेजात, पुण्यात, तो माझा कमीपणा होता. इथे अचानक ती माझी पात्रता झाली. मी ताठ बसले आणि सांगितलं, “गवताचं छप्पर आहे ना, मॅडम? मग गोठा. घराला पत्रा असतो, नाहीतर कौलं. आमच्याकडे गवत फक्त जनावरांच्या छपराला घालतात.”

“नक्की?”

“नक्की, मॅडम.”

मॅडमनी तो नियम लिहून घेतला. आमच्या नियमांच्या कागदावर तो चौथा होता: पत्रा किंवा कौल म्हणजे घर, गवत म्हणजे गोठा. कागद छापून भिंतीवर लागला. मी जेवायला उठताना दर वेळी त्याकडे बघायचे. माझं वाक्य भिंतीवर होतं.

पुढचे तीन आठवडे काम झपाट्याने झालं. मग घरांत माणसं वाटायची वेळ आली आणि गणित बिघडलं. खालच्या गावात घरं इतकी निघाली, की एकेका घराला धड एक माणूसही मिळेना. वरच्या रानात उलटं. तिथे पत्र्याची घरं हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी, आणि शिरगणती म्हणत होती की वर भरपूर माणसं आहेत.

“वरच्या एकेका घरात अख्खी वरात राहते वाटतं,” तो म्हणाला. “आणि माझ्या गावात भुतं.”

मॅडमनी विचारलं, “हे असं का येतंय?”

या वेळीही उत्तर मीच दिलं. “शिरगणती जुनी असणार, मॅडम. लोक आता खाली उतरले असतील. आमच्याकडेही वाड्या रिकाम्या होऊन लोक रस्त्याला येतात.” हे मी इतक्या खात्रीने बोलले की कुणालाच शंका आली नाही. मलाही नाही. ठरलं, की तीन भागांची जुनी संख्या सोडून द्यायची आणि एकूण लोकसंख्या आमच्या घरांप्रमाणे वाटायची. तसं केल्यावर नकाशा छान दिसायला लागला. माणसं सगळी नदीकाठी. संस्थेने दिलेल्या रीतीप्रमाणे हिशोब केला तर दोन्ही दवाखाने खाली, डांबरी रस्त्यावर आले. एक मुख्य गावात आणि दुसरा तिथून जवळच. काम पोचवायला दहा दिवस उरले होते.

त्या रविवारी सकाळी मी दिवा स्टेशनजवळ आमच्या चाळीखाली पाण्याच्या रांगेत होते. मी आणि आणखी दोघी मुली मिळून एका खोलीत राहायचो. टँकर यायचा होता, हंडे लावून झाले होते. अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, फोन आला.

“काय करतीयास?”

“पाण्याला थांबलेय.”

“तिथं बी पाण्याची बोंब? मग हितनं कशाला गेलीस?”

“इथे टँकर येतो तरी.”

“आपल्याकडं बी येतो की,” ते म्हणाले. मग नेहमीचं, आईचे गुडघे, शेजाऱ्यांची भांडणं. मग त्यांनी विचारलं, “काम काय चाललंय, सांग की. त्या डोंगराचं.”

अण्णांना माझ्या कामात रस होता. कुठल्याही देशातलं असो, घराबद्दल बोलायचं म्हटलं की ते ऐकायचे. मी सांगितलं, की खालचं गाव मोठं आहे, सगळं पत्र्याचं. आणि वरच्या अंगाला नुसते गोठेच गोठे आहेत, माणसं फारशी नाहीतच.

“गोठं कशावरनं?”

“गवताची छपरं आहेत म्हणून.”

पलीकडे अण्णा हसले.

“मग तू काय गोठ्यात जलमलीस व्हय गं?”

मागे उभी असलेली बाई “पुढे सरक ना” म्हणाली, तरी मी सरकले नाही. मी चौथीत जाईपर्यंत आम्ही गवताच्या छपरात राहत होतो. कुडाच्या भिंती, वर गवत आणि उसाचं पाचट. तिथेच माझा जन्म झाला, तिथेच मी बाराखडी शिकले. मग अण्णांनी पैसा पैसा जोडून चार भिंती उभ्या केल्या आणि पत्रा टाकला, आणि त्या दिवसापासून आम्ही ‘घरात’ राहायला लागलो. आधी जिथे राहत होतो ते काय होतं, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. नंतर त्या छपरात शेळ्या बांधायला लागलो, आणि माझ्या डोक्यात ते पहिल्यापासून शेळ्यांचंच होऊन बसलं.

“ते वेगळं, अण्णा,” मी म्हटलं.

“काय येगळं? तिकडचं गवत सोन्याचं हाय का?” ते आता मजेत आले होते. “ऐक. मी गवंडी हाय. पत्रा कोण मागतं ठावं हाय का? जो निघाला, त्यो. पुण्याला नायतर ममईला जायचं ठरलं की मानूस पयलं म्हनतो, मिस्त्री, पत्रा टाकून द्या. कशापाई? पत्र्याच्या मागं बघाय मानूस लागत न्हाय. कुलूप लावलं की धा वरीस तसाच. आपल्या गल्लीत बघ, पत्र्याची किती आन् कुलपं किती. गवताला मानूस लागतं. दोन-तीन पावसाळं शाकारलं न्हाय, तर खाली बसतं. तुज्या त्या छपरांचं गवत बसलंय का उभं हाय?”

“उभं आहे.”

“मग कुनाचा तरी हात लागतोय त्याला.”

मी शेवटचा प्रयत्न केला. “गोठासुद्धा शाकारतातच की, अण्णा.”

“शाकारत्यात. पर ते शाकारायला तिथं मानूस असाय नको व्हय? का म्हशीच शाकारत्यात?”

टँकर आला. मी फोन ठेवला, हंडे भरले, वर नेले. दिवसभर काही सुचलं नाही. भीती वाटत होती ती एकाच गोष्टीची. त्या वरच्या रानात जर खरोखर माणसं असतील, तर मी त्यांना तीन आठवड्यांत एकेक करून पुसून टाकलं होतं. आणि दहा दिवसांनी ते पक्कं होणार होतं. त्यांना ते कधी कळणारही नव्हतं. दवाखाना दूर का, तर नशीब, एवढंच ते म्हणाले असते.

सोमवारी मी ऑफिस उघडायच्या आधी जाऊन पायऱ्यांवर बसले. आत गेल्यावर त्याच जागेचे आमच्याकडे असलेले जुने फोटो काढले, आणि नवे शेजारी लावले. अण्णांचं म्हणणं तपासायचा तोच एक मार्ग होता. गवत नवं असतं तेव्हा पिवळं दिसतं, जुनं झालं की काळपट. जुन्या फोटोत काळपट असलेली छपरं नव्या फोटोत पिवळी झाली होती. जुन्यात पिवळी होती ती नव्यात करडी. एक नाही, दोन नाही, अख्ख्या उतारावर. श्वास घ्यावा तसं रान रंग बदलत होतं. मधूनच एखादं छप्पर खरंच बसलेलं होतं, नुसत्या भिंतींचा चौकोन राहिलेला. त्या चौकोनांकडे जाणारी पायवाटही पुसट झाली होती. बाकीच्यांची ठळक होती.

तेवढ्यात शेजारचा आला. मी त्याला सगळं सांगितलं, अण्णांच्या म्हशींसकट. तो खूप हसला. मग खुर्ची ओढून त्याने त्याचं खालचं गाव उघडलं आणि अगदी जवळ नेऊन बघायला लागला.

“अगं, हे बघ. पत्रा एकदम झकास, आणि घरासमोर गवत उगवलेलं. इथे कोण चालतच नाही.” दुसरं घर. “इथे पण.” तिसरं. “भाई, मी भुतांचं गाव मोजलेलं. मी बोललेलो ना!”

“तू विनोद म्हणून बोललेलास.”

“विनोद पण डेटा असतो,” तो म्हणाला. मग हळूच, “मॅडमना सांगणार? तुझे सहा महिने पुढच्या आठवड्यात भरतात ना?”

“सांगणार.”

“मी पण येतो हवं तर. बोलेन की दोघांनी मिळून केलेलं.”

“नको. नियम माझा आहे.”

हे मी खूप धाडसाने म्हटलं असं नाही. खरं म्हणजे दुसरं काही म्हणता येत नव्हतं. तो गवताच्या छपरात जन्मला नव्हता. त्याला माहीत नसणं साहजिक होतं. मला माहीत असूनही मी चुकले होते.

मॅडमनी सगळं शेवटपर्यंत ऐकलं. दोन्ही फोटो स्वतः बघितले, चष्मा काढून, स्क्रीनला नाक लावून. मग भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं.

“चौथा नियम कोणाचा?”

“माझा, मॅडम.”

“मी विचारलं होतं, नक्की का.”

“हो. मी नक्की म्हटलं होतं.”

“आणि गणित जुळेना तेव्हाही तूच कारण दिलंस. आणि मी ते मान्य केलं.” त्यांनी चष्मा पुन्हा लावला. “ते माझं चुकलं. जुळत नसलेली शिरगणती बाजूला ठेवायची नसते, तिच्यासमोर बसून राहायचं असतं. बरं. आता नियम उलटा करायचा का? गवत म्हणजे घर?”

मी हो म्हणणार होते. जिभेवर आलं होतं. पण एकदा पोळले होते, म्हणून म्हटलं, “माहीत नाही, मॅडम. काही खरोखर गोठेही असतील. आणि आमच्या छपराशेजारी अजून एक होतं, त्यात चूल. एक घर, पण छपरं दोन.”

“मग छपरं मोजून भागणार नाही. तुमच्याकडे एक घर कशावरून म्हणायचे?”

“अंगणावरून,” मी म्हटलं. “दोन छपरं, तीन छपरं, पण अंगण एक, चूल एक.”

“इथे अंगण दिसतं का?”

आम्ही तिघांनी बघितलं. दिसत होतं. दोन-तीन छपरं एकमेकांकडे तोंड करून, आणि मध्ये तुडवून तुडवून गुळगुळीत झालेली मातीची जागा, गवताचं एक पातंही नसलेली. तिथून एक पायवाट झऱ्याकडे. गोठे मात्र कुंपणाला लागून एकटे होते, त्यांच्यापुढची जमीन शेणाने काळी.

“मग छपरं मोजू नका, अंगणं मोजा,” मॅडम म्हणाल्या. “वर आणि खाली, दोन्हीकडे. तुडवलेलं अंगण म्हणजे कुटुंब. गवत उगवलेलं अंगण म्हणजे रिकामं घर. आणि संस्थेला पत्र तू लिहायचंस. चूक काय झाली, कशी झाली, किती दिवस जास्त लागतील. सबबी नकोत.”

ते पत्र लिहायला मला अख्खी दुपार लागली. माझं इंग्रजी शाळेतलं, वाक्यं छोटी. तेच उपयोगी पडलं. छोट्या वाक्यात सबब मावत नाही. मी लिहिलं, की आमच्या भागात गवताखाली जनावरं असतात म्हणून मी तिथेही तेच धरलं. हे चुकीचं होतं. वरच्या भागात लोक राहतात असा आता आमचा अंदाज आहे. आम्हाला आणखी दोन आठवडे द्या.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. लिहिणारी बाई त्या जिल्ह्यात स्वतः फिरलेली होती. तिने लिहिलं, की वरच्या वाड्यांतल्या लोकांना आपण गोठ्यात राहतो हे ऐकून गंमत वाटेल, पण गणतीतून वगळलं गेल्याचं ऐकून वाटणार नाही. खालच्या गावातली पत्र्याची कितीतरी घरं समुद्राकाठच्या शहरात गेलेल्यांची आहेत. ते वर्षातून एकदा, गावच्या सणाला येतात आणि आठवड्याने कुलूप लावून जातात. दोन आठवडे घ्या, असं तिने शेवटी लिहिलं होतं.

मी ते पत्र मॅडमना दाखवलं आणि मग अण्णांना फोनवर मराठीत वाचून दाखवलं. “सणाला येत्यात आन् जात्यात व्हय?” ते म्हणाले. “आपल्या जत्रंवानी. मग तिथं बी कुनीतरी मिस्त्री असंल, पत्रं टाकून देनारा. त्याला इचारलं असतं तर चार हप्ते वाचलं असतं.”

पुढचे दोन आठवडे आम्ही पाचही जणांनी अंगणं मोजली. मॅडमही मोजायला बसल्या. एकेक अंगण, एकेक पायवाट. विठ्ठलवाडीकर दर रिकाम्या घराला “हा गेला मुंबईला” म्हणायचा, आणि भरलेल्या अंगणाला “हे लोक घरी आहेत.” हळूहळू आम्ही सगळेच तसं म्हणायला लागलो. काम संपलं तेव्हा माणसं पुन्हा वाटली. आता वरच्या, मधल्या आणि खालच्या भागाची संख्या शिरगणतीच्या इतकी जवळ आली, की मॅडमनी दोनदा पडताळून बघितली. त्या जुन्या शिरगणतीला मी उगाच बदनाम केलं होतं. कुणीतरी माणूस त्या उतारांवर चढून, दारोदार जाऊन ती माहिती घेऊन आला होता, आणि मी खुर्चीत बसून त्याला चूक ठरवलं होतं.

आमचंही सगळंच बरोबर आलं असं नाही. तिथे वाडीवाडीत फिरणाऱ्या एका नर्सकडून त्या बाईने आमची यादी तपासून घेतली. एक वाडी आम्ही भरलेली दाखवली होती. तिथला झरा आटला होता आणि लोक नुकतेच पुढे सरकले होते. गवत अजून बसायचं होतं. अण्णांच्या नियमालाही दोन पावसाळे लागतात. आम्ही ती वाडी खोडली, आणि तिथली माणसं पलीकडच्या उतारावर सापडली, नव्या पिवळ्या छपरांखाली. ती अंगणं मी आधीच मोजलेली होती, म्हणजे तीच कुटुंबं दोनदा धरली गेली होती; वाडी खोडल्यावर तेही निस्तरलं.

माझे सहा महिने मधेच कधीतरी भरून गेले होते. मॅडमनी बोलावून सांगितलं, की कायम करायचं ते आणखी तीन महिन्यांनी बघू. “चूक सांगितलीस हे चांगलं केलंस. पण ‘नक्की’ हा शब्द तू फार लवकर वापरतेस. तो कधी वापरायचा ते मला अजून बघायचं आहे.” मला वाईट वाटलं नाही म्हटलं तर खोटं होईल. पण ते बरोबर होतं, आणि मला शिकवायला कुणी इतका वेळ देतंय याचं मोल मला कळत होतं. तीन महिन्यांनी कायम झाल्याचं पत्र मिळालं. आज मी तिथेच आहे, आणि नवीन मुलं आली की नियमांचा कागद मीच समजावून सांगते. चौथा नियम आता अंगणाचा आहे.

पण त्या कामातला शेवटचा दिवस मला जास्त लक्षात आहे. नव्या संख्येवरून दवाखान्यांच्या जागा पुन्हा काढायच्या होत्या. जास्तीत जास्त माणसांना चालत कमीत कमी वेळ लागेल अशी जागा. पहिला दवाखाना मुख्य गावातच राहिला. तिथेही माणसं होतीच. दुसरा बिंदू अजून जुन्या जागी, खालच्या रस्त्यावर बसलेला होता.

“तो तू सरकव,” मॅडम म्हणाल्या.

मी तो माउसने धरला आणि वर नेला. निलगिरीच्या रांगा मागे पडल्या, मग मका, मग बटाट्याची ठिगळं. कोपऱ्यातला उंचीचा आकडा वाढत गेला. गवताळ रान सुरू झालं तिथे, तीन वाड्यांच्या पायवाटा जिथे एकत्र येतात त्या सपाटीवर, मी तो सोडला. शेजारच्याने लगेच चालायच्या वेळेचा हिशोब लावला. आधीच्या जागेला सगळ्यात लांबच्या अंगणातून उतरून परत चढायला अख्खा दिवस गेला असता. आता जायला तासभर लागणार होता, आणि परतीला थोडा जास्त, कारण परतीची वाट चढाची होती.